गोळी वाटली, पण गिळली का? किशोरवयीन मुलींमधील रक्तक्षयाच्या उदाहरणातून आरोग्य संवर्धन कार्यक्रमाचे नियोजन आणि मूल्यमापन

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका शाळेत साप्ताहिक लोहगोळ्यांची नोंदवही तपासायला मी गेले होते. आठवी-नववीच्या मुलींच्या नावांसमोर सलग दहा आठवड्यांच्या बरोबरच्या खुणा होत्या. सगळ्या एकाच शाईच्या, एकाच हाताच्या, आणि त्यांत एकही रकाना रिकामा नव्हता. वर्गाच्या मागच्या खिडकीखाली मात्र भिजलेल्या मातीत निळे डाग उमटलेले होते. किशोरवयीन मुलामुलींना दिली जाणारी लोह व फॉलिक ॲसिडची गोळी निळी असते, त्यामुळे ते डाग कशाचे हे कोणाला विचारावे लागले नाही. शिक्षकांनी सांगितल्याप्रमाणे वाटप केले होते. मुलींनी गोळी फेकली, कारण सकाळच्या पहिल्या तासाला उपाशीपोटी ती घेतल्यावर त्यांना मळमळत होते. ही गोष्ट त्या शाळेतल्या प्रत्येक मुलीला माहीत होती. कार्यक्रम आखणाऱ्या आम्हा मंडळींना मात्र ती विचारण्याचे सुचले नव्हते, आणि आमच्या मासिक अहवालात त्या शाळेपुढे शंभर टक्के हा आकडा लिहिलेला होता.

हा लेख प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, पंचायत समितीच्या किंवा एखाद्या स्वयंसेवी संस्थेच्या पातळीवर कार्यक्रम आखणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून किशोरवयीन मुलींमधील रक्तक्षय घेतला आहे, पण तंबाखूमुक्ती, अतिसार किंवा मधुमेह प्रतिबंध यांपैकी कोणताही विषय घेतला तरी पायऱ्या याच राहतात. माझा मुख्य आग्रह एवढाच की मूल्यमापनाचा विचार कार्यक्रम संपताना करायचा नसतो. काय मोजायचे, कोणी मोजायचे आणि कशाशी ताडून पाहायचे हे पहिल्या बैठकीत ठरले नाही, तर शेवटी हातात वाटपाचे आकडे तेवढे उरतात.

आधी शब्दाचा अर्थ

आरोग्य संवर्धन म्हणजे पत्रके, भित्तिचित्रे आणि भाषणे असा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये कॅनडातील ओटावा येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या परिषदेने या संकल्पनेची मांडणी फार व्यापक केली. लोकांना स्वतःच्या आरोग्यावर अधिक ताबा मिळवता यावा आणि ते सुधारता यावे यासाठी त्यांना समर्थ करण्याची प्रक्रिया, असा तिचा अर्थ तेथे सांगितला गेला. आरोग्याला पूरक धोरणे, आरोग्याला साथ देणारा परिसर, लोकसमूहाची एकत्रित कृती, व्यक्तीची कौशल्ये आणि आरोग्यसेवांची बदललेली दिशा अशी पाच कार्यक्षेत्रे त्या जाहीरनाम्यात आहेत. भाषण आणि पत्रक या पाचांपैकी फक्त व्यक्तीच्या कौशल्याला स्पर्श करतात. आपल्या आराखड्यातील सगळ्या कृती त्या एकाच खणात बसत असतील, तर आराखडा पुन्हा हाती घ्यावा.

पहिली पायरी: प्रश्न आपल्या गावांतला आहे का, आणि किती?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण ४८ टक्के होते. पाचव्या फेरीत १५ ते १९ वयोगटातील मुलींमध्ये ते ५७ टक्क्यांच्या आसपास होते. प्रश्न गंभीर आहे हे दाखवायला हे आकडे पुरेसे आहेत. आपल्या आरोग्य केंद्राच्या वीस-पंचवीस गावांत नेमके काय चालले आहे, हे मात्र त्यांतून कळत नाही.

आकडा कसा मिळवला, हेही पाहावे लागते. कुटुंब आरोग्य पाहणीत बोटाला टोचून घेतलेल्या थेंबावरून हिमोग्लोबिन मोजले गेले. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीत शिरेतून रक्त घेतले होते, आणि तिच्यात देशभरातील किशोरवयीन मुलींमधील रक्तक्षयाचे प्रमाण सुमारे ४० टक्के निघाले. दोन्ही पाहण्यांचे वयोगट वेगळे होते हे खरे, पण पद्धतीचा फरकही दुर्लक्ष करण्याजोगा नाही. म्हणून आरंभी एका पद्धतीने आणि शेवटी दुसऱ्या पद्धतीने मोजलेल्या आकड्यांची तुलना कधीही करू नये.

आकड्यांइतकीच महत्त्वाची असते गावाशी झालेली बोलणी. आशाताई, अंगणवाडीताई, आरोग्यसेविका आणि शिक्षक यांच्याशी वेगवेगळे बोलावे, आणि मुलींशी तर शिक्षक जवळ नसतानाच बोलावे. 'रक्तक्षय' हा शब्द बहुतेक घरांत वापरत नाहीत. 'रक्त कमी आहे', 'पोरगी पांढरी पडलीय', 'जिना चढताना धाप लागते', 'डोळ्यापुढे अंधारी येते' असे लोक बोलतात, आणि पुढे संदेश तयार करायचा तो याच शब्दांत. गटचर्चेत विचारण्याजोगा एक साधा प्रश्न असा: काल घरात कोण कोणत्या क्रमाने जेवले, आणि शेवटी जेवणाऱ्याच्या ताटात काय होते? आहाराबद्दलच्या वीस प्रश्नांच्या प्रश्नावलीपेक्षा या एका प्रश्नातून मला नेहमीच अधिक कळले आहे.

शाळेबाहेरच्या मुली या टप्प्यावरच मोजाव्यात. बीड, अहिल्यानगर यांसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबरोबर अनेक मुली दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि हंगाम संपल्यावर परततात. शाळेच्या पटावर त्यांचे नाव असते, प्रत्यक्षात त्या फडावर असतात. त्यांच्यापर्यंत कोण आणि कधी पोहोचणार याचे उत्तर आराखड्यात नसेल, तर सर्वांत अधिक गरज असलेली मुलगीच कार्यक्रमातून वगळली जाते.

दुसरी पायरी: कारणांची उकल

अमेरिकी आरोग्यशिक्षणतज्ज्ञ लॉरेन्स ग्रीन यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या आराखड्यात वर्तनामागील कारणे तीन गटांत विभागली आहेत, आणि ही विभागणी आजही फार उपयोगी पडते. पहिल्या गटात मनाचा कल घडवणारी कारणे येतात: माहिती, समजुती, भीती. लोहगोळीने शौचाचा रंग काळा होतो. हे निरुपद्रवी असते, पण आधी सांगितले नसेल तर मुलगी घाबरते आणि आई गोळी बंद करते. दुसऱ्या गटात कृती शक्य करणारी कारणे येतात: गोळ्यांचा साठा, पिण्याचे पाणी, मधल्या सुट्टीची वेळ, घरातील डाळ-भाजीची ऐपत. तिसऱ्या गटात कृती टिकवणारी कारणे येतात: शिक्षिकेने स्वतः सगळ्यांसमोर गोळी घेणे, आईने 'आज घेतलीस का?' असे विचारणे, मैत्रिणींची सोबत.

खिडकीखालचे निळे डाग पडले होते ते दुसऱ्या गटातील कारणामुळे, आणि आमचा सगळा खर्च झाला होता पहिल्या गटावर. बहुतेक कार्यक्रम असेच फसतात. माहितीची कमतरता हे एकच कारण आपल्याला सोयीचे वाटते, कारण त्यावरचा उपाय, म्हणजे व्याख्यान, आपल्या हातात असतो.

वैद्यकीय कारणांकडेही पाहावे. प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या अभावाने होत नाही. जंत, मासिक पाळीतील अतिरिक्त रक्तस्राव, फॉलिक ॲसिड व बी-१२ ची कमतरता, वारंवार होणारे संसर्ग, आणि विदर्भ व नंदुरबारसारख्या भागांत सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार, ही कारणेही असू शकतात. अशा भागात सिकलसेल तपासणी व संदर्भसेवेची, म्हणजे पुढच्या उपचारासाठी मोठ्या दवाखान्यात पाठवण्याची, सोय आराखड्यात नसेल, तर गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन न वाढणाऱ्या मुलीला 'तू गोळ्या घेत नाहीस' असा दोष दिला जातो. हा तिच्यावर सरळसरळ अन्याय आहे.

तिसरी पायरी: उद्दिष्ट आणि साखळी

'मुलींमध्ये रक्तक्षयाबाबत जागृती करणे' या वाक्याला उद्दिष्ट म्हणता येत नाही, कारण ते साध्य झाले की नाही हे कोणीही सांगू शकणार नाही. उद्दिष्टात कोण, कुठे, काय, किती आणि कधीपर्यंत या पाचही गोष्टी असाव्यात. उदाहरणार्थ: 'आरोग्य केंद्राच्या क्षेत्रातील १० ते १९ वयाच्या, शाळेत जाणाऱ्या व न जाणाऱ्या मुलींपैकी मागील चार आठवड्यांत किमान तीन गोळ्या प्रत्यक्ष गिळलेल्या मुलींचे प्रमाण बारा महिन्यांत ७० टक्क्यांपर्यंत नेणे.' हे वर्तनाचे उद्दिष्ट झाले. त्याच्या वरच्या पातळीवर हिमोग्लोबिनचे उद्दिष्ट येते, आणि खालच्या पातळीवर साठा, प्रशिक्षण, शाळेची वेळ यांची उद्दिष्टे येतात.

ही साखळी एका कागदावर आडवी काढावी. डावीकडे साधने, मग कृती, मग कृतीतून लगेच हाती येणारे फलित, मग वर्तनातील बदल आणि सर्वांत उजवीकडे आरोग्यातील बदल. प्रत्येक दोन खणांच्या मधल्या बाणावर 'हे कशामुळे घडेल?' हा प्रश्न लिहावा आणि त्याचे उत्तर सगळ्यांनी मिळून द्यावे. ज्या बाणापाशी बैठक गप्प होते, तिथे कार्यक्रमाचा कच्चा दुवा असतो.

साखळीत गळती कशी होते हे आकड्यांत मांडून पाहावे. समजा, क्षेत्रात १०० मुली आहेत. त्यांपैकी ८५ शाळेच्या पटावर आहेत. गोळ्यांचा साठा पोहोचलेल्या शाळांत ७० आहेत. वाटपाच्या दिवशी ५६ हजर आहेत. समोर गोळी गिळणाऱ्या ४० आहेत. शाळेच्या अहवालात ५६ पैकी ५६, म्हणजे शंभर टक्के वाटप दिसेल. गावाच्या दृष्टीने मात्र तो आकडा ४० टक्के आहे. छेदस्थानी कोण आहे, हा मूल्यमापनातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर नेहमी 'क्षेत्रातील सर्व मुली' हेच असले पाहिजे.

चौथी पायरी: कृती ठरवणे

आपला कार्यक्रम आधीच्या शासकीय योजनेशी जोडूनच आखावा. २०१८ पासून राबवल्या जाणाऱ्या ॲनिमिया मुक्त भारत मोहिमेत १० ते १९ वयाच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असलेली गोळी देण्याची तरतूद आहे, आणि वर्षातून दोनदा ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोल ही जंतनाशक गोळी देण्याचीही. राष्ट्रीय जंतनाशक दिन १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट रोजी असतो. शाळाबाह्य मुलींसाठी अंगणवाडी हे वाटपाचे ठिकाण आहे. साप्ताहिक गोळी ही प्रतिबंधासाठी असते. ज्या मुलीला रक्तक्षय असल्याचे निदान झाले आहे तिच्यासाठी उपचाराची मात्रा वेगळी असते आणि ती वैद्यकीय अधिकाऱ्यांनीच ठरवायची असते. हा फरक प्रशिक्षणात स्पष्ट झाला नाही, तर आजारी मुलगीही आठवड्याच्या एका गोळीवर वर्ष काढते.

कृतींची निवड दुसऱ्या पायरीतील कारणांवरून करावी. मळमळ हे कारण असेल तर गोळी शालेय पोषण आहारानंतर द्यावी, आणि त्यासाठी मुख्याध्यापकांकडून वेळापत्रकातील पंधरा मिनिटे लेखी मंजूर करून घ्यावीत. पाणी नसेल तर आधी पाण्याची सोय करावी. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला मिळणारा अबंधित निधी, म्हणजे गरजेनुसार खर्च करता येणारा निधी, यासाठी वापरता येईल का, हे समितीच्या बैठकीत विचारावे. सुट्ट्यांचा विचार वर्षाच्या आरंभीच करावा. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत गोळ्या घरी द्यायच्या की आशाताईंनी गृहभेटीत द्यायच्या, हे जूनमध्ये ठरले नाही तर वर्षातील बरेच आठवडे वाया जातात.

आहाराचा सल्ला घराच्या ऐपतीचा असावा. मोड आलेली मटकी, शेवग्याचा पाला, राजगिरा, हळीव, बाजरीची भाकरी आणि तिच्याबरोबर लिंबू किंवा आवळा, असे बोलता येते. वनस्पतिजन्य लोहाचे शोषण क जीवनसत्त्वामुळे वाढते आणि जेवणाबरोबर घेतलेल्या चहामुळे घटते. त्यामुळे 'जेवणानंतर तासभर चहा नको' हा बिनखर्चाचा सल्ला 'रोज सफरचंद खा' या सल्ल्यापेक्षा कितीतरी मोलाचा आहे. मात्र आहाराचे बोलणे केवळ मुलींशी करून भागत नाही. ताटात काय पडते हे ठरवणारी आई, आजी आणि बाजार करणारे वडील यांच्यापर्यंत तो विषय गेला पाहिजे.

संदेश छापण्याआधी तो आठ-दहा मुलींना आणि तितक्याच आयांना वाचून दाखवावा आणि 'यातून तुम्हाला काय समजले?' एवढेच विचारावे. 'आवडला का?' असे विचारू नये, कारण पाहुण्याला कोणी नाही म्हणत नाही.

अफवा आणि घबराट यांची तयारी आधी करावी. एका मुलीला उलटी झाली की वर्गातील दहाजणींना मळमळू लागते, आणि संध्याकाळपर्यंत 'गोळ्यांतून विषबाधा' अशी बातमी तालुक्यात पसरते. वाटपाच्या दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवर असावा, उपाशी किंवा तापात असलेल्या मुलीला त्या दिवशी गोळी देऊ नये, आणि पालकसभेत संभाव्य त्रास आधीच सांगितलेला असावा.

पाचवी पायरी: पायाभूत पाहणी

ही पाहणी कोणतीही कृती सुरू होण्याआधी करायची असते. एकदा गोळ्या वाटायला सुरुवात झाली की आरंभबिंदू कायमचा हातातून जातो, आणि नंतर आठवणीतून तो उभा करता येत नाही.

किती मुली तपासाव्यात, याचा हिशेब अवघड नाही. अपेक्षित प्रमाण ५७ टक्के आणि चालणारी चूक अधिक-उणे १० टक्के धरली, तर साध्या यादृच्छिक निवडीने, म्हणजे सर्व मुलींच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून केलेल्या निवडीने, ९५ मुली पुरतात. पण आपण गावे निवडून त्या गावांतील मुली घेतो, आणि एकाच गावातील मुली एकमेकींसारख्या असतात. म्हणून ही संख्या सर्वसाधारणपणे दुप्पट, म्हणजे १९० च्या आसपास, धरावी. काही मुली भेटणार नाहीत, तेव्हा २१० घ्याव्यात. तीस गावे किंवा वस्त्या आणि प्रत्येकीत सात मुली ही लसीकरण पाहणीतून रुळलेली पद्धत याच संख्येला जुळते.

मात्र येथे एक मोठी गफलत होते. २१० ही संख्या आजचे प्रमाण सांगायला पुरेशी आहे, बदल सिद्ध करायला ती पुरत नाही. ५७ वरून ४७ टक्के अशी दहा टक्क्यांची घट भरवशाने दाखवायची असेल, तर साध्या निवडीने प्रत्येक फेरीत सुमारे ३९० आणि समूह पद्धतीने सुमारे ७८० मुली लागतात. एवढे मनुष्यबळ नसेल तर हिमोग्लोबिनमधील बदल सिद्ध करण्याचा दावा सोडून द्यावा आणि गोळी गिळण्याचे प्रमाण, चहाची वेळ, मुलीच्या ताटातील पदार्थ असे वर्तनाचे निर्देशक नीट मोजावेत. असा मर्यादित दावा करण्यात कमीपणा काहीच नाही. अपुऱ्या नमुन्यावर मोठा दावा केला, तर पुढच्या वर्षीच्या निर्णयांची दिशाच चुकते.

मोजमापाची शिस्त बोटाच्या टोकापासून सुरू होते. हात कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करावा, बोटाच्या कडेला टोचावे, पहिला थेंब पुसून टाकावा, आणि बोट दाबून रक्त काढू नये. दाबल्याने पेशींभोवतीचा द्रव रक्तात मिसळतो आणि हिमोग्लोबिन खोटे कमी दिसते. हिमोग्लोबिन मोजण्याच्या जुन्या साली पद्धतीत डोळ्यांनी रंग जुळवायचा असल्याने माणसागणिक आकडा बदलतो, तेव्हा शक्यतो डिजिटल हिमोग्लोबिनमापक वापरावा. बारा वर्षांवरील, गरोदर नसलेल्या मुलींसाठी १२ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय. त्यात ११ ते ११.९ सौम्य, ८ ते १०.९ मध्यम आणि ८ पेक्षा कमी तीव्र. तीव्र रक्तक्षय आढळलेल्या मुलीला त्याच दिवशी संदर्भचिठ्ठी द्यावी आणि ती दवाखान्यात पोहोचली का, याचा पाठपुरावा करावा.

संमतीबाबत हयगय नको. अठरा वर्षांखालील मुलीसाठी पालकांची संमती आणि मुलीची स्वतःची तयारी, दोन्ही हव्यात. तिचा आकडा वर्गात मोठ्याने वाचून दाखवू नये. 'हिला रक्त कमी आहे' हे वाक्य गावात पसरले की ते लग्नाच्या बोलण्यांपर्यंत जाते, आणि त्या धाकाने पुढच्या वेळी आई मुलीला तपासणीलाच पाठवत नाही.

सहावी पायरी: चालू असताना लक्ष ठेवणे

दर महिन्याला पाहायचे निर्देशक पाच-सहापेक्षा अधिक नसावेत. साठा संपलेल्या दिवसांची संख्या, क्षेत्रातील सर्व मुलींच्या तुलनेत समोर गिळलेल्या गोळ्या, शाळाबाह्य मुलींपर्यंतची पोच, त्रासाच्या तक्रारी, आणि संदर्भित मुलींपैकी उपचार सुरू झालेल्या मुली, एवढे पुरते.

नोंदवही खरी आहे का, हे पाहायला तीन साध्या गोष्टी कराव्यात. अचानक भेट देऊन डब्यातील शिल्लक गोळ्या मोजाव्यात आणि आलेल्या साठ्यातून वजा करून नोंदवहीशी ताडाव्यात. वाटपाच्या दिवशीची वर्गहजेरी आणि गोळ्यांच्या खुणा शेजारी ठेवाव्यात, कारण गैरहजर मुलीपुढे खूण असेल तर ती वही नंतर भरलेली आहे. आणि यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या पाच मुलींना एकेकटीला विचारावे. यातून कोणाला पकडायचे नसते. खोट्या खुणा बहुधा भीतीपोटी पडतात. कमी आकडा दाखवणाऱ्या शाळेला नोटीस आणि शंभर टक्के दाखवणाऱ्या शाळेला कौतुक मिळत असेल, तर खरे कोण लिहील? खरा ४० टक्के आकडा सांगणाऱ्या शिक्षिकेला बैठकीत सर्वांसमोर धन्यवाद द्यावेत. वर्षभरात नोंदींचा दर्जा सुधारलेला मी पाहिला आहे तो एवढ्या एका गोष्टीने.

या मासिक नोंदींचा आणखी एक उपयोग आहे. वर्षाअखेर परिणाम दिसला नाही, तर त्याची दोन अगदी वेगळी कारणे असू शकतात: उपायच चुकीचा होता, किंवा उपाय योग्य असूनही तो मुलींपर्यंत पोहोचला नाही. प्रक्रियेच्या नोंदी नसतील तर या दोहोंत भेद करता येत नाही, आणि चांगला कार्यक्रम बंद पडतो किंवा निरुपयोगी कार्यक्रम वर्षानुवर्षे चालू राहतो.

सातवी पायरी: परिणाम मोजणे

बदल झाला, हे कळणे सोपे असते. तो आपल्यामुळे झाला का, हे कळणे कठीण असते. यासाठी तुलनागट, म्हणजे कार्यक्रम न राबवलेला पण बाकी तसाच गट, लागतो. या बाबतीत महाराष्ट्रातील सर्वांत शिकण्याजोगे उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत केला, आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. दोन्हीकडचे जन्म आणि बालमृत्यू सारख्याच काटेकोरपणे नोंदले गेले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे २५.५ पर्यंत उतरला होता. तुलनागावांच्या मानाने ही घट सुमारे ६२ टक्के होती. तुलनागावांतील नोंदी नसत्या, तर रस्ते, पाऊसपाणी किंवा एकंदर सुधारणा यांमुळे मृत्यू घटले, असे कोणीही म्हणू शकले असते.

आपल्याकडे तेवढी साधने नसतात. पण सर्व गावांत एकाच महिन्यात कार्यक्रम सुरू करण्याऐवजी तो टप्प्याटप्प्याने सुरू करणे शक्य असते, आणि बहुतेक वेळा मनुष्यबळामुळे तसे करावेच लागते. कोणती गावे आधी घ्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवले, तर मागून येणारी गावे आपोआप तुलनागट होतात. त्या गावांतील नियमित शासकीय सेवा चालूच राहते, त्यामुळे कोणाला वंचित ठेवल्याचा प्रश्न येत नाही.

तुलनागट नसताना हमखास फसवणारी एक चूक सविस्तर सांगते. पायाभूत पाहणीत ज्यांचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी आले, फक्त त्याच मुलींना सहा महिन्यांनी पुन्हा तपासले जाते, आणि 'इतक्या टक्के मुली बऱ्या झाल्या' असे जाहीर होते. प्रत्येक मोजमापात थोडी वर-खाली चूक असते. पहिल्या वेळी योगायोगाने कमी आकडा आलेल्या काही मुली या गटात आलेल्या असतात, आणि दुसऱ्या वेळी त्यांचा आकडा काहीही न करता वर जातो. त्याच न्यायाने, पहिल्या वेळी १२ च्या वर आलेल्या काही मुली आता खाली गेलेल्या असतात, पण त्यांना कोणी तपासतच नाही. म्हणून शेवटची पाहणी नव्याने निवडलेल्या नमुन्यावर किंवा सुरुवातीच्या सर्व मुलींवर करावी. ती त्याच महिन्यांत, त्याच पद्धतीने, आणि कार्यक्रम राबवणाऱ्यांव्यतिरिक्त दुसऱ्या माणसांनी करावी.

निष्कर्षात रक्तक्षयाच्या टक्केवारीबरोबर सरासरी हिमोग्लोबिनही द्यावे. अनेक मुली ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असतात, त्यामुळे सरासरीत अगदी थोडा बदल झाला तरी टक्केवारी बरीच हलल्यासारखी दिसते. आकडे शाळाबाह्य मुली, स्थलांतरित कुटुंबे आणि पाड्यावरच्या मुली यांच्यासाठी वेगळे काढावेत, कारण सरासरी सुधारत असताना दरी रुंदावलेली असू शकते. ज्या मुलींनी गोळी सोडली त्यांच्याशी सविस्तर बोलावे.

खर्चाचा हिशेबही येथेच करावा. एकूण खर्चाला वाटलेल्या गोळ्यांनी भागू नये. नियमित गोळी गिळणाऱ्या मुलींच्या संख्येने भागावे. मूल्यमापनासाठी पैसे कुठून आणायचे असे नेहमी विचारले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय कार्यगटाने १९९८ मध्ये आरोग्य संवर्धनाच्या एकूण निधीपैकी किमान १० टक्के मूल्यमापनासाठी राखून ठेवण्याची शिफारस केली होती. अंदाजपत्रकात ती ओळ पहिल्या दिवशीच लिहावी.

आठवी पायरी: गावाला परत सांगणे

अहवाल जिल्ह्याला जातो, आणि ज्या मुलींनी बोट पुढे केले त्यांना काहीच कळत नाही. हे मला नेहमी खटकत आले आहे. एका पानावर, मोठ्या अक्षरांत, कोणाचेही नाव न घेता, आपल्या गावात काय आढळले ते लिहावे आणि महिला ग्रामसभेत व शाळेत वाचून दाखवावे. 'शंभरपैकी चाळीस' हे फळ्यावर शंभर गोल काढून त्यांतले चाळीस रंगवून दाखवता येते. त्यानंतर पुढच्या वर्षासाठी तीन गोष्टी गावासमोरच ठरवाव्यात: काय चालू ठेवायचे, काय बदलायचे आणि काय बंद करायचे. तिसरे उत्तर मिळवणे सर्वांत कठीण जाते, कारण सुरू केलेली प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी जिव्हाळ्याची असते.

खिडकीखाली निळे डाग दिसलेल्या त्या शाळेतही आम्ही असेच बसलो. गोळी कधी द्यावी, असे विचारल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या रांगेतली एक मुलगी उठून म्हणाली, "खिचडी खाल्ल्यावर द्या, आणि बाईंनीपण आमच्यासंगं घ्यावी." पुढच्या सोमवारी गोळ्यांचा डबा पहिल्या तासाऐवजी मधल्या सुट्टीनंतर उघडला गेला, आणि पहिली गोळी बाईंनी घेतली. त्या महिन्याच्या नोंदवहीत पहिल्यांदाच काही रकाने रिकामे होते, आणि प्रत्येक रिकाम्या रकान्यासमोर पेन्सिलीने कारण लिहिलेले होते: ताप, गावाला गेली, नको म्हणाली.